कानात सांगितलेली नावं

बसलेला घसा. प्लास्टिकच्या खुर्च्या. खिशात राजीनाम्याची प्रत. "कार्यकर्ते म्हणजे माझं घर, एकेकाला नावानिशी ओळखतो मी," निरोपाच्या भाषणात साहेब गहिवरून म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली बाई उठली. "मग आमच्या ह्यांचं नाव सांगा की, साहेब. तुमचा बॅनर बांधताना खांबावरून पडून गेले ते." सवयीने साहेबांनी मान किंचित मागे झुकवली. तिथे उभा राहून वीस वर्षं चिटणीस कानात नावं सांगायचा. आज मागे नुसता पडदा होता. चिटणीस सकाळीच नव्या अध्यक्षांकडे गेला होता. साहेबांना खांबावरून हसणारा तो चेहरा लख्ख आठवत होता, नाव काही जिभेवर येईना. "राहू द्या," बाई म्हणाली, "भाषणाच्या कागदावर नसेल." साहेबांनी हात जोडले. "बॅनर आणखी हातभर वर बांध," त्या दिवशी खालून त्यांनीच सांगितलं होतं.