भांडून लिहिलेला शेवट
नारीन शहरातल्या आमच्या शाळेच्या फिल्ममध्ये पळवून आणलेली नवरी मी होते. लग्न मान्य म्हणून डोक्यावर बळेच बांधलेला सुनेचा पांढरा रुमाल भिरकावून ती दाराबाहेर पडते, हा शेवट मीच भांडून लिहिलेला. "मुली जात नाहीत गं, रडतात आणि राहतात," कॅमेरावाला एर्मेक म्हणाला होता. बॅटरी संपत आली होती, एकच शॉट मिळणार होता. मी रुमाल फेकून वळले, तर सासूचं काम करणाऱ्या एर्मेकच्या आजी उंबऱ्यात आडव्या पडलेल्या! म्हातारं माणूस ओलांडलं तर सात पिढ्यांना शाप, हे आमच्याकडे तान्ह्यालाही ठाऊक. "आजी, हे पटकथेत नाही, उठा ना!" मला रडूच फुटलं. "सतराव्या वर्षी मलाही असंच अडवलं होतं," त्या पडल्यापडल्या म्हणाल्या. "मी राहिले." "बघ, सांगितलं नव्हतं?" एर्मेक हसला. "गप रे गाढवा, कॅमेरा चालू ठेव." आजींनी मी फेकलेला रुमाल मुठीत आवळला. "पोरी, ओलांड."