सापांचा कॅम्प

माझा नवरा योतामू सफारी कॅम्पात वाटाड्या. मला तो तिथं कधी येऊच देत नसे. म्हणे, "सापांची जागा आहे, बाईमाणूस टिकायचं नाही." शेवटी मी न कळवताच लुआंग्वा नदीकाठी जाऊन थडकले. तंबू हुंगला, उशा उलट्यापालट्या केल्या. एक केससुद्धा सापडला नाही.

"झालं समाधान, चिकोंडीच्या आई?" तो हसला. "आता ऐक. अनवाणी उतरायचं नाही, बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि पायताण झटकल्याशिवाय घालायचं नाही."

मी घाबरून चपला मच्छरदाणीत, उशाशीच घेतल्या. उगाच संशय घेतला म्हणून मनातून खजीलही झाले.

सकाळी तो अर्धवट झोपेतच उठला. काठीनं स्वतःचे बूट ओढले, आपटले, झटकले. मग खाटेला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि खाली काठी फिरवू लागला.

"काय, साप आहे?" मी विचारलं.

"छे गं," तो जांभई देत म्हणाला, "रोजच्यासारख्या तुझ्या चपला झटकून देतो."

काठी जागच्या जागी थांबली.

चपला माझ्या उशाशीच होत्या. त्यातली एक मी हातात घेतली.