रॅपच्या कॅसेटवरचा आवाज

"चाची, एकदाच वाजेल हां. टेप पार ठिसूळ झालीय."

बोर्ली पंचतनच्या टेप-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दीपेशने रेहानाने आणलेली कॅसेट उजेडात धरली. कव्हरवर गळ्यात जाड साखळ्या घातलेले अमेरिकन गाणारे. नव्वदच्या सुरुवातीची गाजलेली रॅप गाणी. वरची दोन्ही भोकं चिकटपट्टीने बुजवलेली. तशी बुजवली की गाण्यांवर आपला आवाज भरता येतो, हे दुबईतल्या माणसाला पत्राऐवजी कॅसेट पाठवणाऱ्या घराघरात तेव्हा ठाऊक होतं.

"लाव," रेहानाची मुलगी आतिफा म्हणाली. तिने मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. तिचा बाप नझीर दुबईत वारला तेव्हा ती आईच्या पोटात होती. अब्बांचा आवाज कुठे उरला असलाच, तर इथेच.

कॅसेट फिरली. धडाधड ढोल, भराभर इंग्रजी. काय ती गाणी, कानठळ्या बसल्या नुसत्या! मग खट्.

"ऐकताय ना? मी रेहाना बोलतेय."

आतिफा गर्रकन आईकडे वळली. "अम्मी, हा तर तुझा आवाज! अब्बा कुठायत?"

रेहाना खाली बघत म्हणाली, "एकच कॅसेट जायची-यायची गं. त्यांचं ऐकून झालं की त्यावरच मी माझं भरायची. ही पाठवायच्या आधीच खबर आली."

"म्हणजे पुसलंस? अब्बांना पुसलंस तू?"

"पुढच्या खेपेला परत बोलतीलच, असं वाटायचं."

आतिफाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. कॅसेटमधली तरुण रेहाना आपली बोलतच होती. सासूचे गुडघे, गळका नळ, शेजारणीचं भांडण. मग आवाज एकदम हळू झाला.

"तुम्ही सुटीवरून गेलात आणि... आपल्याला बाळ व्हनार हाय. मुलगी झाली तर आतिफा नाव ठेवते. पसंत हाय का, सांगा."

खट्. रेहानाचं बोलणं तिथे संपलं होतं. त्यापुढे आधीचं, न पुसलं गेलेलं तेवढं शिल्लक होतं.

"...तुला आवडतंय ना? मग मलापण पसंत हाय," पुरुषाचा घोगरा आवाज हसून म्हणाला. "बाकी मी आल्यावर बघू."

टेप कट्‌कन तुटली.

"अब्बा?" आतिफाने विचारलं. रेहानाने मान डोलावली. आतिफा हुंदके देत आईच्या गळ्यात पडली. "अम्मी, हो म्हणाले गं ते!"

नझीर तेव्हा घराच्या भिंतींच्या रंगाबद्दल बोलत होता. रेहानाला ते लख्ख आठवलं.

"हो," ती म्हणाली. "लगेच हो म्हणाले."