शंभर चिंचोके

शाळेच्या शंभराव्या दिवशी प्रत्येकाने घरून दहा चिंचोके आणायचे, असं मंदाबाईंनी पहिलीच्या दहाही मुलांना बजावलं होतं. सगळ्यांचे मिळून शंभर मोजायचे आणि मग टाळ्या वाजवायच्या.

पण तो दिवस दिवाळीच्या सुटीनंतर येणार, हे बाईंच्या ध्यानातच आलं नाही. शाळा उघडली तेव्हा नऊ मुलं आईबापांबरोबर ट्रकात बसून ऊसतोडीला गेली होती. उरली ती किराणा दुकानदाराची आर्वी.

तिने दप्तरातून दहा पुड्या काढल्या. "ट्रक आमच्या दुकानापुढं थांबला होता. जाताना सगळ्यांनी दिल्या, बाई."

बाईंनी चिंचोके मोजले. एकही कमी नव्हता. मान वर करायचा त्यांना धीर होईना.

"आता वाजवू?" आर्वीने विचारलं, आणि ती एकटीच टाळ्या वाजवू लागली.