पेडलवरचा पाय

क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे बसवले, तरी पेडल जीव नसल्यासारखं खाली बसत होतं. तेलाच्या नळीत राहिलेली हवा काढायला मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि पेडल दाबायला त्याने आईला बसवलं. "दाब. धर. सोड." पेडल पुन्हा मऊच. "मी सांगायच्या आधीच पाय उचलतेस तू," गिऱ्हाइकासमोरच तो करवादला. शिलाई मशीनवर जन्म काढलेल्या आईने चपला गाडीबाहेर काढल्या. "आता नीट करते हं." तेवढ्यात त्याची नजर हवा सोडायच्या स्क्रूवर गेली. हवा वर चढते आणि स्क्रू तर खालच्या बाजूला. खालचा सिलिंडर त्यानेच उलटा बसवला होता. त्याने तो मुकाट्याने सुलटवला. "दाब." बुडबुडे निघाले, पेडल घट्ट झालं. "आता जमलं बघा मला," आई गिऱ्हाइकाला म्हणाली. "माझ्यामुळे खोळंबलात." काम संपलं, तरी तो गाडीखालीच तिच्या चपलांकडे बघत राहिला.