राहिलेली खिरापत

"आजी, तुझी बेस्टी कोण गं?" मोबाइलवर बोटं नाचवत नातीनं विचारलं.

"आता ही कोण बाई?"

"अगं, सगळ्यात जवळची मैत्रीण. जिला न सांगताही आपल्या मनातलं कळतं, ती."

घारगा थापता थापता प्रभावतीबाईंचा हात थांबला. बावीस वर्षांपूर्वीचा भोंडला त्यांना आठवला. गाणी संपल्यावर झाकल्या डब्यातली खिरापत ओळखायची होती. गोड की तिखट, एवढंही न विचारता जिवलग कुमुद म्हणाली, "भोपळ्याचे घारगे!"

"चोरटे, स्वयंपाकघरात डोकावलीस ना?" सगळ्यांदेखत प्रभावतीबाई कडाडल्या. कुमुद खिरापत न घेताच निघून गेली, आणि बोलणं कायमचं थांबलं.

डोकावली कुठली! नवऱ्याच्या आजारपणात न बोलावता पेज घेऊन येणारी ती. तिला डब्यातलं कळू नये?

पिठाच्या हातानंच त्यांनी फोन लावला.

"कुमुद, ओळख पाहू, खिरापत काय?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"घारगे! माझे राहिलेत गं तुझ्याकडे. आलेच."