पिठाचा डबा

‘ही बाई माणसांशी नीट वागत नाही. ऊसतोडीच्या टेम्पोत चढून वीस माणसांदेखत हिने मला डबाचोर म्हटलं. माझा पिठाचा डबा हिसकावला आणि स्वतःचा माझ्या मांडीवर आदळला. हिला बोलायची रीत नाही.’

संस्थेच्या शामकांत साहेबांनी तक्रारीचा कागद वाचून खाली ठेवला. त्यावरचा अंगठा बायडाबाईचा होता आणि बायडाबाई साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. एचआयव्हीच्या समुपदेशकाची जागा भरायची, तर निवड करणाऱ्यांत बाधित घरातलं एक माणूस हवं, असा संस्थेचा नियम. तिचा नवरा या आजारानं गेला हे साऱ्या पाथर्डीला ठाऊक. म्हणून तिला बोलावलं होतं. अंगठा उठवायला, बोलायला नव्हे.

समोर सत्यशीला उभी होती. स्वतः बाधित, बारावी पास, सहा वर्षं संस्थेचं काम बिनपगारी केलेली. जाहिरातीत ‘बाधितांना प्राधान्य’ असं छापलेलं होतं. पण बाहेर बाकावर नगरहून आलेली लीना होती. मोठी पदवी, मऊ बोलणं. साहेबांचं ठरल्यासारखंच होतं.

“समुपदेशक म्हणजे बोलण्याचंच काम,” साहेब म्हणाले. “हे भांडण झालं होतं की नाही?”

“झालं होतं.”

“कशावरून?”

सत्यशीलेनं बायडाबाईकडे पाहिलं. मग कोपऱ्यात लिहीत बसलेल्या ज्ञानेश्वर कारकुनाकडे. तो बायडाबाईच्याच वस्तीवरचा. त्यानं दुपारी ऐकलेलं संध्याकाळी वस्तीला पाठ असायचं.

“डब्यावरून,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच.”

खाली रस्त्यावर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बायडाबाईनं पदर ओढला, परत सोडला. खुर्ची तिला टोचायला लागली.

हॉर्न वाजवत होता तो कल्याण, तिचा मुलगा. त्यालाही बापाचाच आजार, पण ते तिला आणि सत्यशीलेलाच माहीत. भांडण झालं त्या वर्षी कुणी बघेल या भीतीनं तो हंगामभर पुरतील एवढ्या गोळ्या न्यायला दवाखान्यात गेलाच नव्हता. टेम्पो सुटायला आणि सत्यशीला धावत यायला एकच गाठ पडली. ती वर चढली ती डब्याचं भांडण काढूनच. ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत पोचून बायडाबाईनं मांडीवर आदळलेल्या त्या डब्यात हात घातला, तर पिठाखाली गोळ्यांच्या बाटल्या. खुळखुळू नयेत म्हणून तोंडापर्यंत कापूस भरलेल्या.

टेम्पोतल्या एकालाही काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की बायडाबाई डबाचोर. सगळा हंगाम बायका तिला बघून आपापले डबे झाकत होत्या. गोळ्या पोचल्या तरी तो राग गेला नव्हता; तक्रारीवरचा अंगठा त्या रागाचा.

साहेबांनी निवडीचा कागद आणि शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. “तुमचीच तक्रार आहे, बायडाबाई. मग लीनाताईंचं नाव नक्की करू या ना?”

“त्यो तक्रारीचा कागद खोटा हाय.”

“म्हणजे?”

“डबा हिचाच हुता. मी चोरला हुता.”

ज्ञानेश्वरचं पेन थांबलं.

“आता का थांबलास?” बायडाबाई त्याच्यावर खेकसली. “लिव की. बायडाबाईनं डबा चोरला. चांगलं मोठ्या अक्षरात लिव, म्हंजी वस्तीवर सांगताना इसरायचा न्हाईस.”

“बायडाबाई, तुम्ही कशाला…” सत्यशीला पुढे झाली.

“तू गप ऱ्हा. तुला इचारलंय व्हय?”

साहेब खाकरले. “पण हिची बोलायची पद्धत…”

“चोराला काय ओवाळत्यात सायेब? हिचं नाव कुठं हाय? बोट ठेवा त्याच्यावर.”

तिच्या अंगठ्यावाचून कागद पुढे जाणार नव्हता. साहेबांनी नाइलाजानं बोट ठेवलं. बायडाबाईनं अंगठा इतका दाबला की टेबल हललं. खाली हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक.

“आले रं मुडद्या!” ती खिडकीकडे ओरडली. शाईचा अंगठा लुगड्याला पुसत उठली आणि जाता जाता सत्यशीलेसमोर उभी राहिली.

“तुला बोलायची रीत न्हाई, ती न्हाईच. पर दसरा झाला की टेम्पो सुटत्याल. औंदा कुनाला चोर म्हनायचं, ते आत्ताच हेरून ठेव.”